बाकावरचं माप

माझी सून उलट बोलत नाही. ही तिची खोड आहे, आणि अकरा वर्षं मी ती सोसत आले आहे.

लोकांना वाटतं, म्हातारीचं नशीब उघडलं, सून अगदी गरीब गाय मिळाली. गाय कसली! गाय निदान शिंग उगारते, मग माणूस बाजूला तरी होतो. ही काय करते? मी म्हणते, इस्त्रीची वायर गुंडाळून ठेव. ती म्हणते, "हो आई." वायर तशीच लोंबत राहते. मी म्हणते, कापडाची कात्री कागदाला लावू नकोस. "हो आई." दुसऱ्या दिवशी कात्रीला कागदाची धूळ. मी म्हणते, त्या बाकावरच्या बायकांच्या नादाला लागू नकोस. "हो आई," आणि पायात चप्पल. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मी अकरा वर्षं वाजवते आहे.

आमचं घर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि तिच्यामागे दोन. रस्त्याकडच्या खोलीत मशीन. चाळीस वर्षं मी पुरुषांचे कपडे शिवते. आधी नवरा शिवायचा. तो गेला तेव्हा टेबलावर कापून ठेवलेल्या सहा पॅन्ट होत्या, त्या मी पुऱ्या केल्या आणि मग थांबलेच नाही. शाळा तिसरीपर्यंत. आकडे पक्के, अक्षरं कच्ची, जोडाक्षर आलं की पेन अडखळतं. पण माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप माझ्या डोळ्यांत उतरलेलं असतं. टेप लावते ती त्याच्या समाधानासाठी. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे घरात आम्ही दोघीच, ती आणि मी. आणि तिचा तो 'हो'.

बाकावरच्या बायका हे नाव त्यांनी घेतलेलं नाही, गल्लीने दिलं. वस्तीच्या टोकाला धुलाईचा कारखाना आहे. दवाखान्यांच्या चादरी, खाणावळींचे टेबलावरचे कपडे, सगळं तिथं धुऊन इस्त्री होतं. बायका आत गेल्या की पाळी संपेपर्यंत बाहेरून कुलूप. गेल्या थंडीत वाफेचा नळ फुटला आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. दोघींचे हात कोपरापर्यंत भाजले. तिसरीने मालकाला विचारलं, कुलूप कशाला? दुसऱ्या दिवशी तिलाच पोलीस चौकीवर बोलावणं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तेव्हा आमच्या समोरच्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त होऊन घरात कंटाळलेल्या, तिच्यासोबत गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. चार तास. ती बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्याशी नीट बोलले. दाराच्या काचेतून तुमची सावली दिसत होती ना."

तिथून सुरू झालं. ज्याला बोलावणं येईल त्याच्याबरोबर दोन बायका जाणार. वाद घालायचा नाही, ओरडायचं नाही, रडायचं नाही. बाकावर बसायचं, मांडीवर वही उघडी ठेवायची, कोण किती वाजता आत गेलं आणि कोण बाहेर आलं ते त्यांना दिसेल असं लिहायचं. आपला माणूस बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. झालं एवढंच.

सून त्यात कधी शिरली ते मला कळलंच नाही. एक दिवस उशिरा आली तेव्हा विचारलं.

"काय करता गं तिथं?"

"काही नाही आई. बसतो."

"बसायला घरात खुर्च्या नाहीत?"

"आहेत आई."

बघा. अशा माणसाशी काय बोलायचं?

पुढे नुसत्या बसण्यावर भागेना. कारखान्यातल्या एकोणीस बायकांचे जबाब लिहून शहरातल्या वकीलबाईंकडे द्यायचे ठरले. शहर बसने अडीच तास. लिहिण्याचं काम सुनेकडे, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. दुपारी माझी काजंबटणं उरकून ती कोणाकोणाच्या घरी जायची आणि एकेकीचं ऐकून लिहून घ्यायची. दोन जणी तर म्हणे लिहून झाल्यावर आपलं नाव खोडून द्या म्हणाल्या, मग रात्रभर विचार करून सकाळी परत लिहा म्हणून आल्या.

मला भीती वाटत होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, सांगायची माझी रीत नाही. काही बायका भ्याल्या की गप्प होतात. मी भ्याले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मग जो समोर येईल त्याच्यापुढे मी सुनेची गाऱ्हाणी गाते, आणि गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं असतं, पळणार कुठे?

मंगळवारी एक नवं गिऱ्हाईक आलं. पंचेचाळिशीचा, भांग नीट, बोलणं लोण्यासारखं. पॅन्ट कमरेत घट्ट झालेली. "आई, पोट सुटलंय, जरा सैल करून द्या." मी टाचण्या लावायला खाली बसले तोच माझ्या ध्यानात आलं.

"तुमचा डावा पाय आखूड आहे. अर्धा इंच."

तो हसला. "काय सांगता! माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही."

"बायको चेहरा बघते. मी दुमड बघते."

मी डाव्या पायाची दुमड अर्धा इंच वर घेतली आणि वहीत टिपून ठेवलं. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. कामाची पारख असलेलं गिऱ्हाईक हल्ली कुठे मिळतं! तो म्हणाला, "घरात एकट्याच असता का, आई?" आणि झालं. धरणाची दारं उघडली.

"सून आहे की. पण असून नसल्यासारखी. गावभर बायकांचे जबाब लिहीत हिंडते. परवा गुरुवारी बाराच्या बसने निघाली शहरात वकिलीणबाईकडे, सगळा गठ्ठा घेऊन. मी म्हटलं नको जाऊस, ती म्हणाली हो आई. आता सांगा, याला काय म्हणायचं?"

"आजकालच्या सुना, आई," असं म्हणून त्याने मान हलवली.

माझ्या ओठांत चार टाचण्या होत्या. टाचण्यांनीसुद्धा माझं तोंड बंद झालं नाही.

गुरुवारी साडेअकराला सून निघाली. मी म्हटलं, "जातेच आहेस तर हे सात शर्ट घेऊन जा. शहरातल्या काजवाल्याकडे टाक, त्याच्या मशीनची काजं सुबक येतात." ती म्हणाली, "हो आई." मी शर्ट पिशवीत कोंबले. नीट जा, असं काही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी मास्तरीणबाई दारात आल्या. ही बाई एरवी चष्म्याची दोरीसुद्धा सरळ करून बोलते. आज चष्मा नाही आणि तोंड पांढरं.

"टेलरबाई, सूनबाईंना बसस्टॉपवरून नेलं. साध्या कपड्यातले दोघे होते. पांढरी गाडी."

माझा पाय मशीनवरच होता. मशीन चालत राहिलं आणि टीप कापडावरून खाली उतरली. चाळीस वर्षांत माझी टीप कधी कापड सोडून गेली नव्हती.

"तुमच्याबरोबर दुसरी कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. माझ्या जोडीला बसतात त्या नर्सबाई सकाळीच बाहेरगावी गेल्यात. बाकीच्या पाळीवर, कुलपात."

"मी येते."

"घरच्या माणसाने बसायचं नाही, असा नियम आहे. घरची माणसं रडतात."

"माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही मला रडताना पाहिलंत?"

"रडत नाही तुम्ही. पण ओरडता."

हे खरं होतं. मशीनवर कापड टाकलं, दाराला कडी घातली आणि निघाले.

चौकी मी बाहेरून हजार वेळा पाहिलेली. आत गेले नव्हते. एक लांब बोळ, खांद्यापर्यंत हिरवा रंग आणि वर चुना, दिवसाउजेडी जळणारी ट्यूब, तिचा सारखा एक किणकिण आवाज. भिंतीला लागून लाकडी बाक. समोर दार, वरच्या अर्ध्या भागात धुरकट काच. काचेमागे सावल्या हलत होत्या. त्यातली माझ्या सुनेची कोणती ते कळेना. टेबलावरच्या माणसाने आमच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि कोणाला तरी फोन केला.

मास्तरीणबाईंनी वही उघडली, वेळ लिहिली. पाचच मिनिटांत टेबलावरचा उठून आला.

"बाई, तुम्ही इथं का बसलात त्याचा लेखी अर्ज द्या. फॉर्म गेटवर मिळेल."

"दोघींचा एकच देते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही एकट्याच चला."

उठता उठता त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि कानाशी वाकल्या. "ही बंद करू नका. नावं लिहा. छातीवर पट्टी असते."

त्या गेल्या. मग गेटचा लोखंडी आवाज आला, आणि त्या परत आल्या नाहीत. नंतर कळलं, फॉर्मही नव्हता आणि त्यांना आतही सोडलं नव्हतं. त्या साडेतीन तास गेटला धरून उभ्या होत्या.

मी एकटी बाकावर. मी वही मांडीवर दाबून धरली. त्यातच लघवीला लागली. उठायचं नाही, हा नियम. उठले आणि तेवढ्यात त्यांनी तिला मागच्या दाराने दुसरीकडे नेलं तर? बसले. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. एका पुरुषाचा आवाज चढला. काहीतरी धप्प पडलं. मग काहीच नाही. आवाज येत होता तोवर बरं होतं हो. गप्प झालं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते आलं, ते मी इथं सांगणार नाही.

एक जण बोळातून आला आणि आत गेला. मी छातीवर पट्टी बघितली. पट्टी नव्हती. खिशाच्या वर टाचणीची दोन भोकं आणि त्यांच्यामध्ये न विटलेल्या कापडाचा चौकोन. नाव काढून ठेवलेलं. दुसरा आला, त्याचंही तसंच. आता लिहायचं काय? मला तर नाव असतं तरी पंचाईत होती. त्यांच्या हुद्द्यांतली ती जोडाक्षरं लिहीत बसले असते तर संध्याकाळ झाली असती.

मग मी मला येतं ते लिहिलं.

एक दहा. आत गेला. छाती ४२, पोट ४५. उजवा खांदा उतरलेला. पाठीची शिवण उसवून परत घातलेली, दोरा निळा, कापड खाकी.

एक अठरा. आत गेला. छाती ३६, खांदा १७, हात लांब, बाही २५ची हवी, २४ची आहे. कॉलर उलटून शिवलेली.

एक पस्तीस. पहिला बाहेर. दोन पाच. परत आत.

आकडे लिहिताना हात आपोआप चालू लागला. सवयीचं काम हातालाच येतं, त्याला आपण लागत नाही.

दोन पस्तीसला दार उघडलं आणि एक माणूस पाठमोरा बाहेर आला, आत कोणाशी तरी बोलत. साधे कपडे. माझी नजर त्याच्या कमरेवर गेली, मागच्या शिवणीवर. ती टीप माझी होती. स्वतःची टीप मी अंधारात बोटांनी ओळखेन. मी खाली बघितलं. डावी दुमड अर्धा इंच वर.

तो वळला. तोच. नीट भांग आणि लोण्यासारखं बोलणं.

"अरे, आई तुम्ही?" तो हसून म्हणाला. "पॅन्ट झकास झाली हं."

म्हणजे कोणी चुगली केली नव्हती. कोणी पाळत ठेवली नव्हती. मीच माझ्या सुनेला टाचण्या लावून, दुमड घालून त्यांच्या हातात दिली होती. वार आणि वेळेसकट. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला वाटलं, हा बाक मला घेऊन जमिनीत जाईल तर बरं.

तो माझ्या शेजारी बसला. अगदी घरच्यासारखा.

"सूनबाई हट्टी आहेत. एक कागद आहे, जबाब मीच मनाने लिहिले, कारखान्यात तसं काही घडलं नाही, एवढंच. सही केली की पाच मिनिटांत घरी. नाही केली तर मग आम्हालाही पुढचं करावं लागतं." पुढचं काय ते तो बोलला नाही. "तुम्हालाही हे नकोच होतं ना? तुम्हीच म्हणालात. आत या, दोन शब्द समजावा तिला. मोठ्या माणसाचं ऐकतील."

देवाशपथ सांगते, मी उठणार होते. माझे पाय उठले होते. पाच मिनिटांत ती घरी, दाराला कडी, मशीन, तिचा 'हो आई'. बाकीच्या एकोणीसजणींचं काय व्हायचं ते होवो. मला माझी एक हवी होती. आणि मग मला त्या दोघी आठवल्या, नाव खोडा म्हणणाऱ्या, सकाळी परत लिहा म्हणून आलेल्या. त्या आमच्याच मशीनच्या खोलीत उभ्या राहून बोलल्या होत्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"ती माझं ऐकत नाही," मी म्हणाले. "मंगळवारीच सांगितलं होतं की तुम्हाला."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. मी घड्याळ बघून त्याच्यादेखत लिहिलं. दोन अडतीस. बाहेर. कंबर ३८, डावा पाय अर्धा इंच आखूड, पॅन्ट मंगळवारी मी सैल केली.

त्याने ते वाचलं. परत वाचलं. मग वही उचलली आणि आत गेला, आणि बेचाळीस छातीच्या मोठ्या साहेबाला घेऊन बाहेर आला.

"हे काय आहे, आजी?" साहेब म्हणाला.

"माप."

"कुणाचं?"

"आत जाणाऱ्यांचं."

साहेब बोट ठेवून वाचत होता. पोटाच्या आकड्यावर आला तसं त्याने नकळत पोट आत घेतलं. निळ्या दोऱ्यापाशी आला तेव्हा त्याचा हात पाठीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"कशाला लिहिलंय?"

"नावं लिहायची होती. ती तुम्ही काढून ठेवलीत. नाव खिशावरून काढता येतं, साहेब. खांदा काढून ठेवता येत नाही."

हे मी शूरपणाने बोलले असं कोणी समजू नये. साहेबाने पान फाडलं. टरकन आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीने, दुसरं काही नाही.

"आता?" तो म्हणाला.

"आता परत लिहीन. मापं डोक्यात असतात. चाळीस वर्षं झाली."

त्याने वही माझ्या मांडीवर टाकली. दोघे आत गेले, दार आपटलं. काच थरथरत राहिली.

त्यानंतरची दीड-पावणेदोन तासाची वेळ मला कोणी परत देतो म्हटलं तर मी जीव देईन, पण ती घेणार नाही. मी काय करून बसले होते? आधीच तिला अडकवलं, आता वर त्यांना चिडवलं. त्याचा राग आत कोणावर निघणार? दर आवाजाला मी अंग चोरत होते. नव्या पानावर मापं परत लिहायला घेतली तर तीनचा आकडा सहासारखा येऊ लागला. तरी लिहिलं. लिहिणं थांबलं असतं तर माझी सावली हलायची थांबली असती, आणि काचेतून तेवढीच तर दिसत होती.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी दार उघडलं आणि सून बाहेर आली. चालत आली. चेहऱ्याला काही नव्हतं, हात धड होते. डाव्या बाहीचा मुंढा मात्र खांद्यापाशी चार बोटं उसवला होता. कापड फाटलं नव्हतं, शिवण ओढली गेली होती. कोणीतरी दंडाला धरून ओढल्याशिवाय तसं होत नाही. चार पंचवीस, बाहेर, एवढं लिहिलं आणि वही मिटली.

का सोडलं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मास्तरीणबाई म्हणतात, शहरातून वकीलबाईंचा फोन आला. टेबलावरचा कोणाला तरी म्हणाला म्हणे, त्या म्हातारीची कटकट नको. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. उद्या परत बोलावतील की नाही, तेही ठाऊक नाही.

मास्तरीणबाई त्यांच्या दाराशी वळल्या. आम्ही आत आलो. मी कडी लावली, परत तपासली, मग मशीनचं स्टूल दाराला लावलं. सुनेने ते पाहिलं.

"ते अंगातलं काढ. मुंढा उसवलाय."

ती दुसरं घालून आली. मी सुई घेतली. दोरा जाईना. तीनदा जिभेला लावला, तीनदा बाजूने गेला. चाळीस वर्षांत माझ्या सुईला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. तिने माझ्या हातातून घेतली, ओवली आणि परत दिली.

"आत काय झालं?" मी टाका घालत विचारलं, वर न बघता.

"सही कर म्हणाले. मी हो साहेब म्हणाले."

"म्हणजे केलीस?"

"नाही. थोड्या वेळाने परत म्हणाले, कर. मी परत हो साहेब म्हणाले. मग ओरडले. मग एकाने दंड धरला. मग पाणी दिलं आणि गोड बोलले. मी हो म्हणत राहिले."

"चार तास?"

"तुमच्याकडे अकरा वर्षं करतेय, आई."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मला हसू आलं की रडू ते कळलं नाही, सुई बोटात गेली एवढं खरं. तेवढ्यात बाहेर गाडी हळू झाली. आम्ही दोघी थिजलो. तिचा हात माझ्या मनगटावर आला, गार पडलेला. गाडीचं इंजिन खिडकीपाशी घुरघुरलं, दार उघडल्याचा आवाज, समोरच्या घरात कोणीतरी कोणाला हाक मारली. शेजाऱ्यांचा पाहुणा. गाडी गेली. हात मनगटावरच राहिला.

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नव्हते.

"मंगळवारी एक गिऱ्हाईक आलं होतं," मी म्हणाले.

"हो आई."

"तो तिथलाच निघाला. त्याला मी सगळं सांगितलं. बाराची बस, गठ्ठा, सगळं. माझ्या तोंडाने."

"हो आई."

"हो काय हो? मी काय सांगतेय ते ऐक तरी!"

"ऐकलं आई. तो आला होता ते नव्हतं ठाऊक. पण तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता हे ठाऊक होतं. म्हणून कागद नर्सबाईंनी सकाळी साडेसहाच्या बसने नेले. माझ्या पिशवीत तुमचे सात शर्टच होते."

मी टाका तिथंच सोडला. "मग बाराच्या बसला तू गेलीस कशाला?"

"काजं करायची होती ना. तुम्ही म्हणालात."

अकरा वर्षांत बाईने एकदा माझं ऐकलं, आणि ते हे!

"भ्याली नव्हतीस?" मी विचारलं.

"खूप. पण काचेतून तुमची सावली दिसत होती. मान खाली घालून लिहीत होतात. मला वाटलं, आईंना तर नाव लिहायचा कंटाळा, इतकं काय लिहितायत?" तिने डोळे पुसले. "मग वाटलं, काहीतरी लिहितायत ना. म्हणजे उठणार नाहीत."

मी मुंढा पुरा केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. कापड झटकून तिच्या हातात दिलं. मग तिच्याकडे सरळ बघितलं.

"आता माझं ऐक. तू लबाड आहेस. कोडगी आहेस. तुझ्यासारखी सून मी दुसरी पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. उद्यापासून बाकावर मी बसणार, घरच्या माणसाचा नियम मास्तरीणबाईंनी खुशाल त्यांच्या पाटीवर लिहून ठेवावा. पण या घरात तुझा हो मला नको. मी चुकले तर चुकलात म्हण. मी बडबडले तर, आई, तोंड आवरा, असं तोंडावर म्हण, चारचौघांत म्हण, गिऱ्हाइकासमोर म्हण. मला राग येईल, येऊ दे. मी दोन दिवस बोलणार नाही, तेवढीच तुला विश्रांती. तो तुझा हो त्या काचेमागच्या लोकांसाठी राखून ठेव, त्यांच्या मापाचा आहे तो. कळलं का? आणि खबरदार, आता हो म्हणालीस तर."